तरोट्याचा प्रमाण नमुना

३ नोव्हेंबर १९८६

शी! दोनदा साबण लावला, एकदा चुलीतली राख घासली, तरी बोटांचा वास जात नाही. तरोट्याला असा वास असतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

सकाळी वडसा स्टेशनच्या पलीकडे रुळांच्या कडेनं गेले आणि पिशवीभर शेंगा तोडून आणल्या. आमचा माल घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीचं पत्र आलं आहे — शुद्ध तरोट्याच्या बियांचा प्रमाण नमुना कारखान्यात ठेवावा, येणारं प्रत्येक पोतं त्याच्याशी ताडून पाहावं. नमुना मात्र त्यांनी पाठवला नाही. पुस्तकात टाकळा या नावाखाली दिलंय: पडीक जमिनीवरचं तण, फुलं पिवळी, शेंगा लांब. आता पानं झडलीत, फुलांचा पत्ता नाही. पडीक जमीन आहे, लांब शेंगा आहेत — घेतल्या. विचारायचं तरी कुणाला? झाडीपट्टीत जन्मलेली, एम.एस्सी. झालेली बाई आणि तरोटा ओळखत नाही म्हटल्यावर वडशात आठवडाभर हसले असते लोक.

ओळखणार कुठून! आमच्या घरी तरोटा कधी शिजलाच नाही. पावसाळा लागला की या भागात पाटलापासून सगळे त्याची भाजी हौसेनं खातात. बाबा म्हणतात, "आपल्या घराण्यात थे भाजी नाई." एवढ्यावर विषय संपतो. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून तीस वर्षं नागभीडला काढली त्यांनी, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, आणि शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर ती वाटी तशीच परत जायची.

संध्याकाळी ओसरीवर शेंगा सोलत बसले. बाबा थोडा वेळ खुर्चीवर होते, मग उठून आत गेले. वासानंच उठले असणार. दोन तऱ्हेचे दाणे निघाले — काही चकचकीत, टोकं तिरपी कापल्यासारखी. काही चपटे, मळकट. म्हणजे पिकलेले आणि अर्धवट पिकलेले. सगळे एका बाटलीत भरले, बूच लावलं, सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली.

७ नोव्हेंबर

कारखाना म्हणजे मालक शालिकरामभाऊंच्या राइस मिलमागची पत्र्याची शेड. तिथं बी भाजायचं, साल काढायची, आतली पिवळसर डाळ वेगळी करून दळायची. ती पूड चमचाभर घेऊन पाण्यात उकळली की तांब्याभर पाणी घट्ट होतं. ना पेरणी, ना खत, ना ओलीत. गुरंसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत त्या तणाच्या बीत हा डिंक! औषधाची गोळी बांधायला, सिरप दाट करायला अशा वस्तू परदेशातून येतात; त्या इथल्या रस्त्याच्या कडेला फुकट उगवतात. शालिकभाऊंनी मुलाखतीत हे सांगितलं म्हणून तर मी नागपूरच्या शाळेतली नोकरी सोडून इथं आले. बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय, "आमची चंदा औषध बनवते."

पण दिसतं कसं ते! आज पहिल्यांदा मोठ्या भांड्यात उकळलं. लेकराच्या नाकाला लोंबतो तसला शेंबूड. चमचा उचलला की तार हातभर. मी भांड्यापासून लांब सरकले आणि शालिकभाऊंनी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेलं बोट सरळ भांड्यात घातलं, चाटलं, म्हणाले, "मस्त हाय. प्या म्हनाल तं पितो मी." मी भांडं ओतून दिलं. त्यांना वाटलं प्रयोग संपला.

११ नोव्हेंबर

आज बायांचा पहिला माल आला. वैनगंगेकडच्या गावातल्या चौदा जणी आहेत. पुढारीण बायनाबाई — पन्नाशीची, आमच्याच समाजातली, पायात टायरच्या चपला, बोलणं मोजकं. या बाया तरोटा गोळा करून आणतात आणि मग कारखान्याच्या अंगणात सुपानं पाखडून, निवडून देतात.

पोत्यात हात घातला आणि हाताला काय लागलं? डांबर. पाठोपाठ शेणाचा वाळका पोपडा. मी विचारलं, मळणी कुठं केली?

"सडकेवर, बाई. झाडं पसरवली, एस्टी आली न् गेली. चार टिरिप झाल्या का दाना मोकळा. बैलाची गरज नाई."

"या सडकेवरून गुरं जातात. डिझेल सांडतं."

"मंग? सुपात निंगून जाते थे."

औषधात जाणार आहे हे! सगळं पोतं परत निवडायला लावलं. उद्यापासून मळणी ताडपत्रीवर. बायनाबाई "हो जी" म्हणाली आणि माझ्या पांढऱ्या कोटाकडे कौतुकानं पाहत राहिली. त्या पाहण्यानंही माझी चीड कमी झाली नाही.

१२ नोव्हेंबर

ताडपत्रीवर. पण ताडपत्रीवर कोंबड्या! देवा.

१५ नोव्हेंबर

अंगणात बाया निवडायला बसल्या होत्या. पाहते तर प्रत्येकीच्या गुडघ्याशी टाकाऊ दाण्यांचा वेगळा ढीग. मूठभर उचलून पाहिले. चपटे, मळकट — माझ्या बाटलीतलेच. चांगला माल टाकून देत होत्या!

"हे काऊन टाकलं?" — चिडले की माझीही बोली सुटते.

बायनाबाई म्हणाली, "थे दुसरं हाय, बाई. सोबतच उगवते, पन तरोटा नोहे."

"कशावरून?"

तिनं जरा विचार केला. "याची भाजी नाई होत."

हे कारण! मी प्रयोगशाळेतून बाटली आणली, चिठ्ठी वाचून दाखवली, ताटलीत दाणे ओतले. हा पिकलेला, हा अर्धवट पिकलेला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण काही बोलणार होती, तिला बायनाबाईनं हातानं थांबवलं. मग तिनंच पहिला आपला ढीग ओंजळीनं उचलून पोत्यात टाकला. मागोमाग सगळ्यांनी.

शालिकभाऊ दारातून पाहत होते. म्हणाले, "शिकल्या-सवरल्या मानसाचा हाच फायदा."

आज जेवण गोड लागलं. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ताट उचलून ठेवलं.

२२ नोव्हेंबर

पहिला ट्रक नागपूरला गेला, तिथून मुंबईला. तपासणीच्या कागदावर माझी सही — चंदा सोमाजी रामटेके, रसायनतज्ज्ञ. कारखान्यासमोर नाटक कंपनीची तालीम चालते, त्यांच्या पेटीच्या आवाजात सह्या केल्या. सगळ्या अंगाला भाजक्या बियांचा करपट वास, केसांतसुद्धा. पण आज तो खपवून घेतला.

१ डिसेंबर

मुंबईचं पत्र. तांत्रिक पान तेवढं मला मिळतं, पहिलं पान शालिकभाऊ ठेवतात.

पुडीसोबत गेलेल्या बियांच्या नमुन्यात कासविंदा आढळला, तरोट्यासोबत उगवणारं दुसरं तण. शंभर दाण्यांत नऊ. कासविंद्याचं बी अपायकारक, पोटात जाणाऱ्या मालात एकही दाणा चालत नाही. ही खेप आम्ही बाजूला ठेवली आहे. पुन्हा असं झाल्यास खरेदी बंद.

शालिकभाऊंनी अंगणात जाऊन चौदाही जणींना उभं केलं. "वजन वाढवाले मिसळवलं का? माझ्या नावावर शेन टाकलं तुमी!" बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी पत्र वाचत असल्यासारखं केलं. दुपारी सुपं उचलून बाया निघून गेल्या. फाटकावर गड्याला सांगून ठेवलंय, यातली एकही आत येता कामा नये.

मला खरंच वाटलं होतं, पुढे कुणीतरी मिसळलं असेल. ट्रकमध्ये, नागपुरात, कुठंही.

२ डिसेंबर

पत्रात वर्णन दिलंय. चपटा, गोलसर, मळकट, तेज नसलेला दाणा. शेंग रुंद आणि चपटी.

बाटली उघडली. ताटलीत ओतली. एकशे बारा दाणे मोजले, त्यातले सेहेचाळीस कासविंदा. रुळांच्या कडेला दोन झाडं शेजारी शेजारी उभी होती आणि मी एका पिशवीत दोन्ही भरली. आणि मग ज्यांनी निवडून काढलं त्यांना ते परत टाकायला लावलं. पांढरा कोट घालून.

स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

३ डिसेंबर

काही बोलले नाही.

४ डिसेंबर

आजही नाही. शालिकभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमी असून चोरी नाई पकडल्या गेली, बाया लय चतुर." मी मान हलवली. मान हलवली मी!

दुसऱ्या गावच्या बाया निवडायला आल्यात. त्यांच्यातली एक हसत सांगत होती, मंडईच्या जत्रेत बायनाबाईच्या गावच्या बायांना लोक "मिसळवणाऱ्या" म्हणून हाक मारतात. नाटकाच्या तंबूत कुणी शेजारी सरकून जागा देत नाही.

६ डिसेंबर

विहारात गेले. पांढरी साडी, मेणबत्ती, सगळा समाज. बायनाबाई तिच्या गावच्या बायांना घेऊन आली होती आणि नेमकी माझ्या शेजारी बसली. वंदना सुरू झाली. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले. तिचा आवाज खणखणीत होता.

निघताना तिनं बाबांची चौकशी केली. "सोमाजीभाऊची तब्येत बरी हाय ना?" कारखान्याबद्दल शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी येऊन मेणाचे थेंब नखानं खरवडत बसले. काय घाणेरडी बाई आहे मी.

९ डिसेंबर

सांगितलं. शालिकभाऊंच्या समोर बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं — नमुना चुकीचा, चूक माझी, बायांनी कासविंदा काढला होता, मीच परत टाकायला लावला. नोकरी गेली तर गेली, पण बायांना परत बोलवा आणि चारचौघांत त्यांचं नाव धुऊन द्या.

ते हसले. पानाच्या पिचकारीसाठी उठले, परत बसले.

"कोनाले सांगू नका. गोष्ट बायाइवर गेली हाय ना, तिथंच राहू द्या. चार महिन्यानं येतेत त्या परत, कुठी जाते? एमेस्सी बाईले तरोटा नाई समजत असं मुंबईले कळलं तं माझा कारखाना बंद होते."

मी म्हटलं, औषधात विष गेलं असतं.

तेव्हा त्यांनी खणातून पत्रांची पहिली पानं काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "वाचून घ्या."

वाचली. कंपनीचा माल विलायतेत जातो. पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी मांसाचे डबे येतात तिथं, त्या मांसाभोवती जी थरथरणारी चरबट जेली असते, ती आमच्या पुडीची. गोळ्या नाहीत, सिरप नाही. एका ओळीत "भविष्यात औषधी उपयोगाची शक्यता" एवढं आहे.

"औषध म्हटलं नसतं तं तुमी इथी आल्या असत्या का?" असं विचारलं त्यांनी. निर्मळ चेहऱ्यानं.

१० डिसेंबर

जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे डबा येतो, डब्यातली जेली येते. वैनगंगेकाठच्या बाया उन्हात कमरेत वाकून बी गोळा करतात, सुपानं दाणा न् दाणा निवडतात, मी कोट घालून तो ताटलीत मोजते, आणि हे सगळं कुण्या गोऱ्या बाईच्या मांजरीनं ताट चाटावं म्हणून. बाबा गल्लीत सांगतात, आमची चंदा औषध बनवते.

पण रात्री अंथरुणावर एक गोष्ट लक्षात आली आणि त्यानं जास्तच ओशाळले. डबा मांजराचा निघाला म्हणून बायांवरचा आळ हलका होत नाही. मी चिडले होते ते माझं औषध गेलं म्हणून. दिवसभरात बायनाबाई एकदाही आठवली नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सायकल काढून बायनाबाईच्या गावाला गेले. बाबा म्हणाले, कुठी चालली? सांगितलं. ते दाराशी उभे राहून माझी सायकल दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते.

बायनाबाईनं अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, आधी सगळ्यांना बोलवा. केसरबाई आली, रंभा आली, हळूहळू चौदाही जणी आणि त्यांच्यामागे अर्धा गाव. मी उभी राहिले. वाक्यं पाठ केली होती, ती विसरले. एवढंच म्हणाले — चूक माझी होती. तुम्ही बरोबर निवडलं होतं. मला तरोटा ओळखता येत नाही.

मग मागून एक म्हातारा खुदकन हसला आणि हसू अंगणभर पसरलं. "तरोटा नाई वळखत?" रंभानं तर पदर तोंडात कोंबला. मला हेच भय होतं महिनाभर आणि ते आता समोर होतं. मी तशीच उभी राहिले. सोसवलं.

हसू ओसरल्यावर मी बायनाबाईला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मग माझ्या सांगण्यावरून परत का टाकलं? भांडायचं होतं माझ्याशी."

ती खाली पाहून सुपाची कड चाचपत होती.

"आमाले मालूम होतं, बाई. पन आपली पोरगी एवढी शिकली, पांढरा कोट घालून उभी हाय, न् शालिकभाऊ दारातून पाहून राह्यला. त्याच्यासमोर तुमाले खोटं पाडू का मी? म्हटलं, शिकलेली हाय, पुस्तकात काही तरी असन, जे आमाले नाई मालूम. म्हनून पहिले मीच टाकलं."

मग वर पाहून म्हणाली, "न् मंग चोर झालो आमी, तं तुमी कागद वाचत होत्या."

सॉरी म्हणणं फार फालतू वाटलं, पण म्हटलं. तिनं मान हलवली, "बरं" म्हणाली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. निघताना मला झुडपाशी नेऊन दोन्ही शेंगा हातात दिल्या — ही बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. ही रुंद, चपटी. इतका ढळढळीत फरक आहे की लाज वाटावी.

१६ डिसेंबर

मुंबईला पत्र टाकलं. रजिस्टर्ड. नमुना मी चुकीचा केला, निवडणाऱ्या बायांचा दोष नाही, त्यांच्याइतकी पारख तुमच्या प्रयोगशाळेतही नसेल, पुढचा नमुना त्यांच्याकडून करून घ्या. एक प्रत शालिकभाऊंच्या टेबलावर ठेवली.

वाचून त्यांचा चेहरा पहिल्यांदा मळका झाला. "बाया उद्यापासून येतीन," म्हणाले. मुंबईला कळणार म्हटल्यावर त्यांना बोलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "पन तुमी नका येऊ." बायांचा दोष नव्हता हे मी त्यांना फाटकावर सगळ्यांसमोर बोलायला लावलं, मग कोट खुंटीला टांगला आणि आले. हाताला करपट वास आहेच.

बाबांना सांगितलं, नोकरी गेली. का गेली तेही सांगितलं, अगदी मांजरांपर्यंत. ताट वाढलं, ते निवून गेलं तरी त्यांनी हात लावला नाही.

१७ डिसेंबर

सकाळी चहा घेताना बाबा आपणहून बोलले. कपाकडे पाहत.

"तू शेंगा सोलून राह्यली होती ना, तवाच मले दिसलं होतं. अर्धा कासुंदा हाय म्हनून."

मी म्हटलं, मग सांगितलं काऊन नाही, बाबा?

"सांगतो तं तू इचारली असती, तुमाले कसं मालूम."

कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आजीनं तीन पावसाळे तरोट्याबिगर दुसरं काही शिजवलं नाई, बाई. मीठबी नाई राहे त्यात."